मराठी घडाघडा वाचणारा मुलगा इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतो. काय करावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते. आठवीतल्या एका मुलासाठी सल्ला हवा आहे.

मुलगा हुशार आहे, हे आधीच सांगते. मराठीचा धडा खणखणीत वाचतो, गणितात मागे नाही, अक्षर इतकं देखणं की फळ्यावरचा सुविचार त्यालाच लिहायला सांगतात. पण इंग्रजीचा तास सुरू झाला की त्याचा चेहराच उतरतो. पुस्तक उघडं असतं, पान भलतंच. वाचनाची पाळी त्याच्या बाकाजवळ आली की पेन खाली पडतं, नाहीतर "टीचर, पाणी पिऊन येऊ काय?" सुरू होतं. उभं केलंच तर शेजारचा पोरगा हळूच शब्द पुरवतो आणि हा तोच पुन्हा म्हणतो. शेजारचा थांबला की हाही थांबतो. प्रश्नोत्तरं गाईडमधून पाठ करून चाचणीत कसाबसा तरून जातो, त्यामुळे मागच्या इयत्तांत कुणाला शंका आली नसावी.

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या दोनशिक्षकी शाळेतून तो आला आहे. एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या तिथल्या सरांना दोष देण्यात काही अर्थ नाही. पण इंग्रजी वाचन म्हणून त्याला तिथं जे मिळालं ते फळ्यावरून उतरवून घेणं, एवढंच.

"त्याला गोडीच नाही," असं स्टाफरूममध्ये ऐकते. मला ते पटत नाही. सुट्टीच्या दिवशी तो काकांच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये असतो. विज्ञानाच्या तासाला ट्रॉली वर उचलणारा हायड्रॉलिक जॅक कसा चालतो हे त्यानं फळ्यावर आकृती काढून सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. असा मुलगा आळशी कसा म्हणायचा?

चाळीस मुलांच्या वर्गात त्याला चारचौघांत न लाजवता वाचनाकडे कसं आणायचं? आठवीतल्या पोरापुढं पहिलीचं चित्रांचं पुस्तक ठेवायला माझा हात धजत नाही.

निपाणीकर

टीचर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला सुरुवात केली. कर्नाटकात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००७-०८ च्या सुमारास, त्याआधी सगळ्यांचं असंच होतं. रोज दहा शब्दांची डिक्टेशन, चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा, आणि रोज एकानं उभं राहून वाचायचं. भीती होती, पण त्या भीतीनं अभ्यास झाला. आज निपाणीत माझं दुकान आहे, कंपन्यांची इंग्रजी पत्रं माझी मी वाचतो. दोन वर्षांनी या मुलाला एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. लाड पुरवत बसलात तर पेपरात त्याला कोण सांभाळून घेणार?

पाटी_पेन्सिल

निपाणीकर, तुमची कळकळ कळते. पण त्याच वर्गात तुमच्याबरोबर असलेले आणि सातवी-आठवीत शाळा सोडून गेलेले किती जण आठवतात, तेही बघा. त्यांची बाजू सांगायला ते इथं येणार नाहीत.

ताई, मी बरीच वर्षं नलिकलीचे, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीचे वर्ग घेतले, पहिली ते तिसरी एकत्र. माझा अनुभव असा की "वाचता येत नाही" हे वाक्य डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्याइतकं मोघम आहे. कुठं अडतंय ते आधी शोधा. मधल्या सुट्टीत किंवा पी.टी.च्या तासाला पाच मिनिटं त्याला एकट्याला बसवा आणि या क्रमानं बघा.

अक्षर दाखवून त्याचं नाव नका विचारू, आवाज विचारा. ‘बी’ दाखवलं तर तो ‘ब्’ म्हणतो का? आपल्या मुलांचा घोळ बहुतेक इथंच असतो. देवनागरीत ‘क’ला ‘क’च म्हणतात आणि शब्दातही तो ‘क’च वाजतो. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘डब्ल्यू’, आवाज ‘व्’. हे कुणी फोड करून सांगितलंच नाही तर मूल प्रत्येक शब्द चित्रासारखा पाठ करतं. तिसरी-चौथीपर्यंत तेवढ्यावर निभतं, पुढं शब्द वाढले की डोकं भरून जातं.

मग तीन अक्षरांचे सोपे शब्द द्या. त्यात दोन-चार निरर्थक घाला, एम-आय-पी ‘मिप’, एल-यू-बी ‘लब’ असे. खरे शब्द वाचले आणि निरर्थकांवर अडला, तर तो पाठांतरावर चाललाय हे पक्कं समजा. शेवटी पाचवीच्या पुस्तकातला चार ओळींचा उतारा.

आणखी दोन गोष्टी. डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा याचं नाव आवर्जून पुढं करा. आणि मराठी तो बरोबर वाचतो म्हणालात, तर वेगानंही वाचतो का? देवनागरीत अडखळणारी मुलंसुद्धा चुका न करता वाचून जातात, फक्त हळू वाचतात. मराठीही फार संथ असेल तर वाचनदोषाची तपासणी करून घ्यावी. मराठी सरसर वाचत असेल, तर आधी त्याला इंग्रजी वाचायला शिकवलं गेलंय का तेच बघा.

मायलेक

मी बेळगाव शहरात राहते. शिक्षिका नाही, आई आहे. मुलगी पाचवीपर्यंत मराठी शाळेत होती, सहावीला आम्ही तिला इंग्रजी माध्यमात घातलं. कोणत्या माध्यमात शिकवायचं हे पालकांनी ठरवावं, सरकारला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ साली आपल्याच राज्याच्या खटल्यात लागला. निवड आमच्या हातात आली. पण निवडलेल्या वर्गात मूल रोज सकाळी जाऊन बसतं, ते एकटंच बसतं.

माझी बडबडी पोरगी घरात गप्प राहायला लागली. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडेना. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की वर्गात ओळीनं वाचायला लावतात आणि ही अडली की मागून हसू येतं. ही बाकं मोजत बसायची, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते शोधायची आणि तोच मनात घोकायची. त्यामुळे बाकीच्या धड्यात काय चाललंय ते तिच्या कानावरही पडायचं नाही. तिला बेपर्वा म्हणत होते आणि अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त धास्तावून बसलेली तीच होती.

पुढच्या वर्षीच्या टीचरनी एकच केलं. आदल्या दिवशी वहीत खूण करून द्यायच्या, "उद्या तू एवढ्या तीन ओळी वाचायच्या." आम्ही दोघी रात्री त्या तीन ओळी वाचायचो. माझं इंग्रजीही जेमतेम, पण तीन ओळींना पुरायचं. सकाळी ती उभी राहायची आणि वाचायची. तीन ओळींच्या सहा झाल्या, मग खूण करायची गरज उरली नाही.

ताई, तुमचा मुलगा पाणी प्यायला जातो ना, त्याला जाऊ द्या. पण पाळी केव्हा येणार हे त्याला आधी कळू द्या.

घटप्रभा

मी हुक्केरी भागातला. घरात कन्नड, आजोळ मराठी, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. प्राथमिक शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकवतो.

आपल्या पट्ट्यातली मुलं अडाणी नाहीत हे आधी त्यांना सांगायला पाहिजे. बाजारात कन्नड, घरात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत तीन लिप्या. एवढं पेलणाऱ्या मुलाला तिसऱ्या लिपीची चावी दिली तर तो उघडणार नाही असं होतच नाही. कन्नड आणि देवनागरी दिसायला वेगळ्या असल्या तरी चालतात एकाच नियमानं, व्यंजनात स्वर मिसळून अक्षर होतं. म्हणून आमची मुलं इंग्रजीतही प्रत्येक व्यंजनामागं ‘अ’ लावतात. ‘प-इ-न’ म्हणतात आणि मग ते जोडून ‘पिन’ होईना म्हणून गोंधळतात. व्यंजन हलंतच म्हणायला शिकवा, ‘प्-इ-न्’. मराठीच्या मुलांना तर पाय मोडणं माहीतच असतं. स्वरांचंही तसंच. ‘बॅट’वरचा अर्धचंद्र आणि ‘बॉल’वरचा अर्धचंद्र ती रोज मराठीत लिहितात. ‘ए’ या अक्षराचा आवाज बहुतेक वेळा त्या ‘बॅ’तला, एवढं सांगितलं की निम्मं काम झालं.

एकट्याला उभं करण्याऐवजी मी आधी वाचतो, सगळा वर्ग माझ्यामागून, मग बाकावरची जोडी एकमेकांना. चाळीस तोंडं एकदम चालू असली की अडखळणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी फिरत राहतो आणि ज्याच्याजवळ थांबायचं त्याच्याजवळ थांबतो. गोंगाट होतो. हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा.

मलप्रभाकाठ

पाटी_पेन्सिल सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिलं. मराठी वेगानंही उत्तम वाचतो. इंग्रजी अक्षरांची नावं सगळी येतात, आवाज फार थोड्यांचे. ‘कॅट’ वाचला, ‘मिप’ पुढं ठेवल्यावर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे आम्हाला शिकवलेलं नाही ओ टीचर." म्हणजे तुमचा अंदाज बरोबर निघाला.

आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या पुस्तकात प्रत्येक इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेले आहेत. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुस्तकात तेच आहे. हे बंद करायचं की चालू द्यायचं?

निपाणीकर

बंद करा. आमचे सर रबर घेऊन फिरायचे.

उचगाव_वेस

एकदम बंद केलं तर मुलाची काठी काढून घेतल्यासारखं होईल. पण चालू ठेवलं तर नजर कधीच खालच्या ओळीवर येणार नाही, हेही खरं. निपाणीकरांचं निम्मं बरोबर आहे.

मी असं करतो. ज्या शब्दांत आवाजाचा नियम चालतो, त्यांच्यावर काही लिहायचं नाही. जे हट्टी शब्द आहेत, ‘सेड’, ‘वॉज’, ‘एनफ’ असले, त्यांच्यावरच पेन्सिलीनं लिहायचं. दोन-तीन दिवसांनी मुलानं स्वतःच्या हातानं खोडायचं, आणि विसरला तर पुन्हा लिहायचं. खोडायला मिळालं की मुलांना मोठी कमाई झाल्यासारखं वाटतं.

आता दुसऱ्या अंगाबद्दल. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली. अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि भाषा समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचून कळणं. त्यांनी बेरीज म्हटलं नाही, गुणाकार म्हटलं. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही असो, हाती शून्यच. तुमचा मुलगा आवाज शिकेल, घडाघडा वाचेलही, पण शब्दांचा अर्थ माहीत नसेल तर तो पुन्हा कंटाळणार, आणि तेव्हा त्याचा कंटाळा बरोबरच असेल. न कळणारं कुणाला आवडतं?

म्हणून धडा आधी मराठीत सांगा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको म्हणणारे सीआरपी (आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे खात्याचे शिक्षक) मला भेटलेत. त्यांना मी विचारतो, मुलाला गोष्ट कळलेली असेल तर तो इंग्रजी ओळीत ती शोधायला जाईल, नसेल तर कशाला जाईल? स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, कन्नड, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिळते, फुकट आहे, पायऱ्याही लावलेल्या आहेत. मराठीतली आधी वाचू द्यायची, मग इंग्रजीतली. फक्त खालच्या पायरीच्या गोष्टी लहान मुलांच्या असतात, तुमच्या आठवीतल्या गड्याला त्या चालतील असं वाटत नाही.

त्याचं वाचनाचं साहित्य गॅरेजमध्येच पडलंय की! नट, पंप, बेल्ट, टँक, क्लच, ब्रेक, स्प्रिंग, पिस्टन. हे शब्द त्याच्या तोंडात लहानपणापासून आहेत, अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे. लिहिलेले फक्त वाचलेले नाहीत. म्हणजे गुणाकारातली एक बाजू तिथं आधीच भरलेली आहे.

पाटी_पेन्सिल

वा! यात नियमाचे किती शब्द आहेत बघा. एन-यू-टी ‘नट’, पी-यू-एम-पी ‘पंप’, बी-ई-एल-टी ‘बेल्ट’, टी-ए-एन-के ‘टँक’. ‘पिस्टन’सुद्धा, दोन तुकडे केले की सरळ वाचला जातो. पहिलीच्या पुस्तकात याच पायरीचे शब्द असतात, पण पहिलीचं पुस्तक समोर ठेवल्याची लाज इथं नाही.

जाड कागदाच्या पट्ट्या करा. तीन ढीग: सरळ वाचता येणारे, शेवटी गप्प ‘ई’ असलेले (ब्रेक, पाइप, प्लेट) आणि हट्टी (टायर, गिअर, इंजिन). पहिला ढीग पक्का होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. शब्द जमले की त्यांचीच वाक्यं. तो गॅरेजमधली एखादी गोष्ट मराठीत सांगेल, तुम्ही ती चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहा आणि तीच त्याला वाचायला द्या. स्वतः सांगितलेलं असल्यानं पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज त्याला असतो. तोच उतारा तीन-चार वेळा वाचू द्या. पहिल्यांदा अडखळत, शेवटी सलग. सलग वाचल्यावर मुलाचा स्वतःचा आवाज बदलतो, बघाच तुम्ही.

मायलेक

आणि हे त्याच्या एकट्यासाठी आहे असं वर्गात दिसू देऊ नका, एवढीच विनंती.

मलप्रभाकाठ

मंडळी, परत आले.

पट्ट्या सगळ्या वर्गासाठीच केल्या. शेतातले शब्द, स्वयंपाकघरातले, क्रिकेटचे आणि गॅरेजचे. गट पाडले आणि गॅरेजचा गट अर्थातच त्याच्याकडे दिला. तासाची पहिली पंधरा मिनिटं फक्त हेच.

पहिल्या दिवशी त्यानं पट्टी उचलली आणि सवयीनं "पी-यू-एम-पी" म्हणाला. मी म्हटलं, नावं नकोत, आवाज सांग. बोट एकेका अक्षराखाली सरकवत "प्... अ... म्... प्" केलं. पुन्हा केलं, जरा जोरात. मग एकदम मान वर करून, "पंप! टीचर, हे आमच्या काकाच्या बोर्डावर आहे की ओ! मी त्याला रोज बघतोय." त्यानंतर पट्ट्या स्वतःच ओढून घ्यायला लागला. ‘जॅक’ वाचला, ‘लँप’ वाचला. ‘क्लच’वर थांबला आणि विचारलं, "मधी हा टी कशाला घातलाय?" वर्षभरात इंग्रजीच्या तासाला त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न. ‘मॅच’, ‘कॅच’ फळ्यावर लिहून दाखवले, तिथंही तोच टी. क्रिकेटच्या गटानं लगेच ‘पिच’ शोधून दिला.

धडा वाचायला अजून तो तयार नाही, आणि मीही घाई करत नाही. मायलेक ताईंची खूण करण्याची युक्ती उचलली आहे. आदल्या दिवशी दोन ओळी ठरवून देते. जोडीत वाचतो. एकटा उभा राहून अजून नाही.

गॅरेजचं पहिलं पानही झालं. "द टँक इज फुल. द पंप इज ओल्ड. द बेल्ट इज लूज." काकांना वाचून दाखवायला घरी घेऊन गेला.

घटप्रभा

फार बरं वाटलं वाचून. तेच पान कन्नडमध्येही लिहून मागा त्याच्याकडून. एकाच वेळी दोन तासांचं काम होईल.

निपाणीकर

टीचर, मुलगा वाटेवर आला याचा आनंद आहे. माझं डिक्टेशनचं म्हणणं मात्र सोडत नाही. वाचलेला शब्द हातातून उतरला की पक्का बसतो. आणि सहामाही तोंडावर आहे, पुस्तकाच्या धड्यांचं काय?

मलप्रभाकाठ

डिक्टेशन घेते की, पण त्याच्या त्याच्या ढिगातल्या शब्दांची. आवाज ऐकून अक्षरं मांडायची, पाठ करून नाही. कागद मीच तपासते, वर्गात गुण वाचून दाखवत नाही. धडे सध्या मराठीत सांगून, मग सगळ्यांबरोबर वाचून पुढं नेतेय. सहामाहीत त्याचे गुण फार वाढतील असं मला वाटत नाही. मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवलंय आणि त्यांनी या वर्षापुरती मोकळीक दिली आहे. दहावीला दोन वर्षं आहेत. गाईडवर ती दोन वर्षं घालवण्यापेक्षा ही वाट मला जास्त खात्रीची वाटते.

पाटी_पेन्सिल सर, पुढच्या आठवड्यात गप्प ‘ई’चा ढीग काढायचा आहे. सुरुवात ‘ब्रेक’पासूनच करू का?

पाटी_पेन्सिल

‘ब्रेक’ दुसऱ्या दिवशी. आधी तीन अक्षरांचं घ्या. पट्टीवर पी-आय-एन लिहा, पुढं ‘ई’ लिहून तेवढा भाग घडी घालून मागं दुमडा. मुलगा ‘पिन’ वाचेल. घडी उघडली की ‘पाइन’. सी-ए-पी घ्या, ‘कॅप’चं ‘केप’ होईल. घडी त्यालाच उघडझाप करू द्या, नियम तोंडानं सांगायची गरज पडणार नाही. चार-पाच पट्ट्या झाल्या की ‘पाइप’, मग ‘प्लेट’, मग ‘ब्रेक’. पण ‘ब्रेक’चं स्पेलिंग बी-आर-ए-के-ई हेच ठेवा. मोडणं या अर्थाचा दुसरा ‘ब्रेक’ त्या दिवशी वर्गात येऊ देऊ नका, मुलं विचारतीलच, त्यांना उद्याचा वायदा करा. आणि ‘व्हॉल्व्ह’ या ढिगात घालू नका. त्याच्या शेवटी ‘ई’ आहे, पण तो ‘ए’चा आवाज तसा बदलत नाही. त्याला टायर-इंजिनच्या शेजारी हट्टी शब्दांत बसवा.